गुलाबरावांच्या माजघरातला वड

पुन्हा कापूस सुटला आहे. अंजनगावाहून अमरावतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली की दोन्ही बाजूंच्या बाभळींना पांढरी दाढी फुटते. काट्यांत अडकलेला तो कापूस पाहून एखादा नवखा म्हणेल, बाभळी म्हाताऱ्या झाल्या. म्हातारा मी झालो आहे, बाभळी आहेत तशाच आहेत.

हे दिवस आले की गावातली तरणी मंडळी मला घेरतात. तेजीच्या सालातलं काही सांगा म्हणतात. तेजी म्हणजे सातासमुद्रापलीकडे कुणी भाऊभाऊ आपसांत लढले आणि त्यांच्या भांडणापायी आमच्या काळ्या मातीतला कापूस सोन्याच्या मोलाचा झाला, ती. मी सांगतो. चाकांना लोखंडी पट्ट्यांऐवजी चांदीच्या धावा बसवलेली गाडी भर दुपारी शेताजवळून गेली, की पाखरं दाण्यांचा नाद सोडून धावेत तोंड पाहायला येत, हे सांगतो. तिवश्याकडच्या एका पाटलानं आपली म्हैस गुलाबपाण्यानं धुवायला सुरुवात केली आणि आठव्या दिवसापासून तिच्या ताकाला अत्तराचा वास येऊ लागला, हे सांगतो. कोणी विश्वास ठेवत नाही, सगळे खूश होतात. थापेचा हा सरळ व्यवहार आहे. सांगणाऱ्याला ठाऊक, ऐकणाऱ्याला ठाऊक, कुणाचं नुकसान नाही.

पण जन्मभरात माझी एक थाप लोकांनी खरी मानली. तिच्यापायी गुलाबरावांची सून गोदा घराबाहेर गेली, आणि तिचा काही दोष नव्हता. ही गोष्टही मी आजवर सांगत आलो आहे, पण अशी वळवून की शेवटी शहाणा मीच ठरतो. आज तोंडानं सांगत नाही. तोंडाला सवय वाईट लागली आहे. लिहून पाहतो.

आम्ही पानमळेवाले. अंजनगावच्या पानमळ्यात जो कधी शिरला नाही त्याला सावली म्हणजे काय ते कळायचं नाही. बाहेर ऊन माणसाला भाजून काढत असतं आणि आत वेलींच्या रांगांमध्ये ओल्या मातीचा, तिखटसर पानांचा गारवा अंगाला येऊन चिकटतो. आत जायचं ते अंघोळ करून, अनवाणी. बायकांनी त्यांच्या चार दिवसांत फिरकायचं नाही, नाहीतर विटाळानं वेल पिवळी पडते, असा आमचा वाडवडिलांपासूनचा नेम. लहानपणापासून पान पिवळं दिसलं की आमच्यात आधी माती पाहत नाहीत, आधी बायकांकडे पाहतात. मीही तसाच वाढलो.

दर आठवड्याला पानांच्या करंड्या घेऊन मी अमरावतीला जाई. कापसाच्या दिवसांत शहरात शिरण्याआधीच शहर नाकात शिरायचं. उघड्या मैदानात डोंगराएवढे ढीग, सरकी काढायच्या रेच्यांची कुरकुर, आणि हवेत तंतूच तंतू. बोलायला तोंड उघडलं की जीभ पिंजून निघायची. दोन व्यापारी भाव करत उभे राहिले तर सौदा होईपर्यंत दोघांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. यातलं थोडं वाढवून सांगतो आहे, पण थोडंच.

गुलाबराव मूळचे भातकुलीकडचे शेतकरी. दोन हंगामांत त्यांनी अमरावतीत दुमजली घर उठवलं. श्रीमंती आली की ती कुठे ठेवायची हा प्रश्न असतो. काहींनी ती गाडीच्या चाकांवर ठेवली, गुलाबरावांनी दारांवर ठेवली. घरभर पडदे लावले आणि जाहीर केलं की आता आपल्या बायका रस्त्यानं चालणार नाहीत. त्यांची कारभारीण सोनाबाई. पन्नाशी उलटलेली बाई, आयुष्यभर डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन बांधावरून चाललेली. तिला त्या पडद्यांमागे बसवलं. तिनं फक्त एवढंच विचारलं, की जेठात वडाच्या पुनवेला काय करायचं. वड तर वेशीबाहेर.

गुलाबराव बैठकीत मला म्हणाले, "किसनभाऊ, माया घरच्या बायका आता वडाले जातीन का? वडालेच घरात आणा."

दुसऱ्या कुणी हात जोडले असते. मी म्हणालो, त्यात काय, माझ्या आज्यानं एकदा अख्खी आमराई खिशात घालून नेली होती. बैठक हसली आणि मी अडकलो.

पण वड माझ्या डोळ्यासमोर होता. आमच्या मळ्यातल्या विहिरीच्या आतल्या अंगाला, दगडांच्या फटीत, एक वड कित्येक वर्षं तसाच होता. फटीत माती नाही म्हणून वाढायला वाव नाही, आणि विहिरीची ओल म्हणून मरायलाही सवड नाही. हातभर उंची, पण खोड म्हाताऱ्याच्या मनगटासारखं गाठाळ, आणि केसांएवढ्या बारीक पारंब्या. दसऱ्यानंतर दोराला लटकून, दगड सैल करून मी तो मुळांसकट काढला. मातीच्या पसरट कुंडीत बसवला आणि मांडीवर घेऊन अमरावतीला नेला.

त्याला पाहून सोनाबाईंच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला काय म्हणावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांनी कुंडीभोवती एक हात फिरवला. एवढीच प्रदक्षिणा, असं पुटपुटल्या. मग सुनेला हाक मारली आणि झाड तिच्या हवाली केलं.

गोदा अकोल्याची. सतरा-अठरा वर्षांची, सावळी, कमी बोलणारी. नवरा नारायण त्या हंगामात कापसाबरोबर मुंबईला गेलेला. त्या घरात तिला आपलं म्हणायला दुसरं काही नव्हतं म्हणा, किंवा तिला झाडांचं वेड होतं म्हणा, तिनं त्या वडाला जीव लावला. माजघरात उजेड येई तो छपरातल्या एका झरोक्यातून. उजेडाचा तो तुकडा जसा सरकेल तशी ती कुंडी सरकवत जाई. बाहेरून तंतू उडत येऊन पानांवर बसत, तर रोज सकाळी ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायची, वरून आणि खालून. मी करंडी घेऊन गेलो की पडद्यापलीकडून विचारायची, "काका, विहिरीत याले वारा लागे का?" मी सांगायचो, वारा तर असा लागे की विहिरीतलं पाणी उडून वर पाऊस पडायचा. ती हसायची नाही. म्हणायची, "मंग याले इथं कोंडल्यावानी होत असन."

मला तेव्हा वाटलं, ही पोर मला झाड शिकवते.

झाड तगलं तसं माझं नाव झालं. बैठकीत येईल त्याला वड दाखवायला आत नेऊ लागले. मलाही ते हातभर झाड कमी वाटू लागलं. पानं आणखी हिरवीगार, आणखी दाट हवी होती. सरकी तर गावात पायाखाली येत होती. गाईला चारली की दूध वाढतं, मग वडाला का नाही? मार्गशीर्षात मी कुंडीतली अर्धी माती काढली आणि खाली दोन ओंजळी कच्ची सरकी दाबून भरली. वरून माती सारखी केली. गोदानं विचारलं, काय घातलं. मी म्हणालो, मंत्र.

पंधरा दिवसांत पानांच्या कडा काळ्या पडल्या. मग मधली पानं पिवळी, मग गळती. सकाळी कुंडीभोवती पाच, संध्याकाळी सात. सोनाबाई ती उचलून ओच्यात ठेवत. बाहेर टाकायला त्यांचा हात होईना. सवाष्णीच्या घरात पुनवेसाठी आणलेला वड सुकतो म्हणजे काय, हे त्या तोंडानं बोलल्या नाहीत. मुलगा मुंबईला होता.

त्या आठवड्यात मी गेलो त्या दिवशी बैठक भरली होती. गुलाबरावांनी वड बाहेर आणवून मधोमध ठेवला होता. आठ-दहा माणसं त्या उघड्या फांद्यांकडे पाहत बसलेली, आणि मग माझ्याकडे. कुणीतरी म्हणालं, पानमळेवाल्याचा हात हल्ली पिवळा झाला वाटतं. हशा झाला. तेवढ्यात पडद्यापलीकडून गोदाचा आवाज आला. इतक्या पुरुषांसमोर ती प्रथमच बोलली असेल.

"काका, याची माती ऊन लागते. आत बोट घालून पाहा ना."

मी बोट घातलं नाही. मी खाकरलो, पागोटं नीट केलं, आणि मला येते ती एकच विद्या काढली. मी गोष्ट सांगितली. आमच्या मळ्यात एकदा कुण्या बाईनं आपले दिवस लपवून पाऊल टाकलं तर एका घटकेत बारा रांगा कशा जळाल्या, पानं जमिनीवर पडण्याआधीच त्यांची राख कशी झाली. हशा थांबला. मी आवाज खाली आणला. म्हणालो, वड तर देवाचं झाड. त्याला रोज कोण शिवतं ते पाहा. ती बाजूला बसायच्या दिवसांत बाजूला बसते का, ते पाहा. माती ऊन लागते म्हणता? विटाळानं तापणारच.

माझी थाप बिनतोड होती ती याच्यासाठी. तोंडावर चोरीचा आळ घातला तर माणूस झडती द्यायला उभा राहतो. या गोष्टीवर बाई चार पुरुषांसमोर काय उत्तर देईल? पडदा हललासुद्धा नाही. मी पाहत होतो.

संक्रांतीच्या आधी गोदाला गाडीत बसवून अकोल्याला धाडलं. झाड सुधारेपर्यंत म्हणून. झाड सुधारलं नाही तर काय, हे कुणी बोललं नाही, पण नारायणासाठी दुसरी मुलगी पाहायची कुजबूज मी त्याच बैठकीत ऐकली.

झाड मी बरं करायला म्हणून मळ्यात नेलं. कुंडी पालथी केली तेव्हा कळलं. सरकी कुजून काळा लगदा झाला होता, आंबूस वाफ येत होती, आणि त्यात उतरलेली मुळं शिजल्यासारखी मऊ पडली होती. मी ती छाटली, बाकीची विहिरीच्या पाण्यानं धुतली, नुसत्या वाळूमातीत झाड लावलं आणि उघड्यावर ठेवलं. माघ सरता सरता प्रत्येक डोळ्यातून तांबूस कोंब आला. चिमणीच्या चोचीएवढी कोवळी पानं, इतकी चकचकीत की लाज वाटावी.

आणि इथे माझी खरी शिक्षा सुरू झाली. झाड हिरवं झालं म्हणजे माझं म्हणणं खरं ठरलं. सून गेली आणि वड फुटला, अमरावतीभर झालं, आणि तिला परत आणायचं कुणी नावही काढेना. फुटलेलं झाड परत नेऊन दिलं तेव्हा गुलाबरावांनी भर बैठकीत मला नवं पागोटं बांधलं. मी बांधून घेतलं. मान किंचित पुढे केली, त्यांना सोपं जावं म्हणून.

घरी आलो तर माझी बायको पार्वती मिरच्या खुडत होती. पागोट्याकडे तिनं पाहिलं नाही. म्हणाली, "पानमळ्याचं बोलले असते तं मी समजली असती. पन वावरात त्या चार दिवसांत आमी बाया वडाच्याच सावलीले बसतो. आजपावतर एक तरी वड वाळला का?"

मी म्हणालो, तो मोठा वड, हा लहान. तिनं पुढची मिरची घेतली.

आज हे लिहिताना ती सगळी पानं वेगवेगळी दिसतात. काळ्या कडेची, मधोमध पिवळी, देठाशी अजून हिरवी. पान गळताना आवाज होत नाही असं म्हणतात. फरशीवर होतो. माजघरात बसलेल्या बाईला तो नक्की ऐकू येत असणार, आणि प्रत्येक आवाजाला तिनं काय मोजलं असेल, ते मी कधी कुणाला विचारलं नाही.

फाल्गुनाच्या तोंडावर मी अकोल्याला गेलो. पानं विकायचं निमित्त. गावाबाहेर आगगाडीच्या रस्त्याचा भराव चालला होता, मोर्णेच्या पात्रात पाणी गुडघाभर. गोदाचं माहेर नदीकाठच्या खळ्याला लागून. ती तूर पाखडत होती. दोन महिन्यांत पोर वाळली होती. तिची आई मला पाणी द्यायला म्हणून आत गेली, तेवढ्यात मी बोललो. सरकीचं सांगितलं, मुळांचं सांगितलं. चूक माझी होती म्हणालो. सूप थांबलं नाही.

"मले काहून सांगून राहिले?" ती म्हणाली. "मले तं ठाऊकच होतं. ज्यायले ठाऊक नाई त्यायले सांगा."

मी अमरावतीला गेलो आणि बैठकीत सांगितलं. खरं सांगतो, सगळं सरळ सांगितलं. पण चाळीस वर्षं जे तोंड वाकडं चाललं ते त्या दिवशी सरळ कसं चालणार? कुजलेल्या सरकीच्या वाफेवर आलो तर पहिला हसला, मग दुसरा. गुलाबराव मांडी थोपटत म्हणाले, आता म्हणाल त्या वाफेवर पोळ्या भाजल्या. मी शपथ घेतली तर आणखी हसले. म्हाताऱ्या सोनाबाईंनी मात्र मला आत बोलावून घेतलं. पडदा त्यांनी स्वतःच्या हातानं बाजूला केला होता.

"हे खरं हाय का थाप हाय?"

"खरं हाय, वयनी."

"मंग भरा सरकी पुन्हा. मायासमोर."

मी म्हणालो, झाड मरेल. पुनव तीन महिन्यांवर आली. त्या म्हणाल्या, "मेलं तं मेलं. मले झाड नाई पाहाचं, मले तुमचं बोलनं पाहाचं हाय."

तशी सरकी भरली. शेजारी त्यांनी दुसरी कुंडी ठेवली, नुसत्या मातीची. घरात सांगितलं, या वडाला माझ्याशिवाय कुणी शिवायचं नाही, पाणीही मीच घालीन. रोज सकाळी त्या दोन्ही कुंड्यांत एकेक बोट घालून डोळे मिटून बसत, जशी शेतकऱ्याची बाई पेरणीआधी मातीची ओल पाहते. आठव्या दिवशी मला बोलावून म्हणाल्या, एक गार हाय, एक ऊन हाय. विसाव्या दिवशी पानं पडली.

गुलाबराव घाबरले. आता कोणाचा विटाळ, असं त्यांनी विचारलं मात्र, सोनाबाई बैठकीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, माणसं बसलेली असताना. "मायाच म्हना," त्या म्हणाल्या. "माया हाताबिगर याले हात नाई लागला. अन् मले साता वर्सांपासून विटाळ नाई. आता मले कोनत्या मायेरी धाडता?"

दुसऱ्या दिवशी बैल जुंपले. सोनाबाई अकोल्याला स्वतः निघाल्या, उघड्या गाडीत, समोर बसून. मला म्हणाल्या, चला. जितक्या मानसांसमोर बोलले तितक्या मानसांसमोर बोला.

त्या खळ्यावर मी बोललो. गोदाचा बाप होता, भाऊ होते, शेजारचे होते. गोष्ट नाही, उपमा नाही. सरकी मी घातली, सुनेवर खोटं मी बोललो, एवढंच. कुणी हसलं नाही. तेवढी एकच वेळ माझ्या आयुष्यात अशी की मी बोललो आणि कुणी हसलं नाही. सोनाबाईंनी गोदाचा हात धरला आणि म्हणाल्या, चाल बाई, घरी चाल. गोदा लगेच उठली नाही. माझ्याकडे वळून तिनं विचारलं,

"काका, त्या दिवशी मी मनलं माती ऊन लागते, तवा तुमाले ठाऊक होतं का?"

मी म्हणालो, "नाई, पोरी. मले मंग कळलं."

बरं, म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसली.

पुढे सगळं नीट झालं. नारायण परत आला, दुसऱ्या मुलीचं बोलणं विरून गेलं. वड त्या दुसऱ्या आजारातून उठला नाही. जेठात सोनाबाई सुनेला घेऊन वेशीबाहेरच्या वडाला पायी गेल्या आणि पडदे त्यांनी गोधड्यांना लावले. तेजी दोन सालांत ओसरली. गोदा आता स्वतः सासू आहे. मी गेलो तर पाणी देते, बसा म्हणते, मुलाबाळांची चौकशी करते. तो प्रश्न तिनं पुन्हा कधी विचारला नाही.

वर मी लिहिलं आहे की कुंडी पालथी केली तेव्हा मला कळलं. वाचणाऱ्यानं ते मानलंही असेल. गोदासमोर म्हणालो तेच इथेही लिहून गेलो. हात सवयीनं चालला. ते खोडणार नाही, तसंच राहू द्यावं. पण त्या दिवशी बैठक भरायच्या आधी, वड बाहेर आणून ठेवला होता आणि दालनात अजून कुणी आलं नव्हतं, तेव्हा मी कुंडीपाशी उकिडवा बसलो होतो. गोदा पडद्यातून बोलली त्याच्या आधीच माझं बोट त्या मातीत जाऊन आलं होतं. माती ऊन होती. सबंध गोष्ट सांगेपर्यंत मी तो हात मांडीखाली दाबून धरला होता, कारण बोटाला आंबूस वास येत होता.